सायकलचा भाग मिळेना, तेव्हा

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी येते. विडी वळणाऱ्या महिलांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील घरांचे वाटप येथेच २००६ साली झाले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरमधील १५,००० घरेही कष्टकरी कुटुंबांच्या हाती आली. हक्काचे छप्पर मिळाले, तरी बहुतेक कामांसाठी शहराकडेच पाहावे लागते. अशा वस्तीत घरातील वडीलधाऱ्या माणसाची जुनी सायकल म्हणजे दूध, किराणा आणि मित्राच्या ओट्यावरची बैठक या तिन्हींची सोय असते. तुमच्याही दारात अशी एखादी काळी, सळईच्या ब्रेकची सायकल उभी असेल.

तिची कॉटरपिन झिजते, किंवा मागचे टायर फाटते. दुकानदार सांगतो, ‘‘हा माल आता येत नाही. पुढच्या आठवड्यात बघू.’’ तो आठवडा सहज महिन्यावर जातो. पहिले काही दिवस आजोबा पायी जातात, मग कुणाला तरी सामान आणायला सांगतात, आणि पुढे बाहेर पडणेच थांबते. भाग हाती येतो तेव्हा गुडघे आखडलेले असतात आणि तोल सांभाळण्याचा आत्मविश्वास ओसरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. कित्येकांच्या बाबतीत त्यातील मोठा वाटा ही सायकलच उचलत असते. म्हणून सुट्या भागाची टंचाई हा मला आरोग्याचाच प्रश्न वाटतो.

ही टंचाई आली कुठून? २०२० च्या टाळेबंदीत कारखाने थांबले आणि त्याच सुमारास जगभर सायकलींची मागणी उसळली. साखळ्या, गिअर, टायर यांसाठी पुढे बरेच महिने वाट पाहावी लागली. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. त्या जागतिक तुटवड्याची तीव्रता पुढे ओसरली. जुन्या सायकलींची अडचण मात्र वेगळी आहे. मोटारसायकल आल्यावर कामकऱ्यांच्या साध्या सायकलीचा खप घटला. लुधियानाहून आजही माल येतो, पण दुकानदार जाड टायरच्या नव्या सायकलींचे सामान आधी भरतो. त्याला दोष देता येत नाही. जे खपते तेच तो ठेवणार.

आपल्या हातात पहिली गोष्ट आहे ती माप. दुकानात ‘‘सव्वीसचे टायर द्या’’ म्हणणे पुरेसे नाही, कारण सव्वीस इंची म्हणवणारी टायरे निरनिराळ्या घेरांची असतात. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. ४०-६३५ म्हणजे जुनी अठ्ठावीस इंची सायकल. ३७-५९०, ४०-५८४ आणि शेवटी ५५९ असलेले टायर, ही तिन्ही ‘सव्वीस’च, पण एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. हे आकडे आजच वहीत उतरवून ठेवा. टायर पूर्ण झिजल्यावर अक्षरेही पुसली जातात. ट्यूबच्या बाबतीत घेर जुळला आणि रुंदीत थोडाच फरक असला तर अडत नाही, आणि नीट लावलेले पंक्चर नव्या ट्यूबेइतकेच चालते. कॉटरपिनही निरनिराळ्या जाडीच्या असतात. जुनी पिन खिशात घालून न्यावी.

दुसरे म्हणजे, स्वस्त भाग वेळेवर बदलला की दुर्मीळ भाग वाचतो. साखळीचे उदाहरण घ्या. बारा इंचाची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरली, तर नव्या साखळीत बाराव्या इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे सरकलेला दिसला, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. तशीच ओढत राहिलात, तर ती फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चक्राचे दात खाते, आणि ते चक्र मिळवणे अवघड. बेअरिंगचे छर्रे बदलताना सगळेच बदलावेत. जुन्यात दोन नवे मिसळले की भार त्या दोघांवर येतो. टायरमध्ये हवा भरलेली ठेवावी आणि सोलापूरच्या उन्हात सायकल उभी करू नये. रबराला ऊन आणि कमी हवा दोन्ही तडे पाडतात.

जुन्या बाजारातून किंवा मोडीत निघालेल्या सायकलीवरून भाग घ्यावा का? मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, साखळीचे झाकण खुशाल घ्या. ब्रेकचे रबर, ब्रेकची सळई, पुढचा चिमटा आणि हँडलचा दांडा मात्र वापरलेला घेऊ नका. सळईचा ब्रेक काढून वायरचा बसवण्याची सूचनाही कुणी करील. जुन्या सायकलीच्या रिमची कड गोलाकार असते, वायरच्या ब्रेकचे रबर तिच्यावर सपाट टेकत नाही, आणि थांबायचे तेव्हा सायकल थांबत नाही. ते करायचेच तर रिमही बदलावी लागेल.

कॉटरपिन सैल असताना सायकल चालवणे हा मी मोठाच धोका मानते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘खट्’ असा आवाज येतो, पाय क्षणभर मोकळा पडतो. विशीतला मुलगा सावरतो. पासष्टीनंतर तेवढ्याने तोल जाऊ शकतो, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाची भीती. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने डोक्याला किरकोळ मार लागला तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. भाग मिळेपर्यंत सायकल बंद ठेवा, पण त्या वेळेला फिरायला जाणे बंद करू नका. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातही करता येते.

घरात रुग्णाची चाकाची खुर्ची असेल, तर हाच विचार तिथेही लागू आहे. बऱ्याच खुर्च्यांच्या मोठ्या चाकांवर ३७-५४० मापाचे टायर असते, आणि हाताने चालवायच्या तीनचाकीला तर साखळी, फ्रीव्हील, टायर सगळे सायकलचेच. खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबला जाणारा एक दांडा. टायरमध्ये हवा कमी असली की दांडा ओढूनही पकड बसत नाही, आणि पलंगावरून खुर्चीत घेताना ती मागे सरकते. सुश्रूषा करणाऱ्याने ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहावी. हलली, तर आधी हवा, मग ब्रेकचा नट. पुढच्या लहान चाकांत केस आणि धागे गुंडाळले जातात, ते आठवड्यातून एकदा काढावेत. यंत्रमागाच्या घरात तर ते फार लवकर साचतात. खुर्ची दुरुस्तीला द्यावी लागली, तर त्या दिवसांपुरती भाड्याची किंवा शेजाऱ्याकडची दुसरी कुठे मिळेल, हे आधीच विचारून ठेवा; आणि ती घरी आणताना दाराची रुंदी मोजायला विसरू नका.