शंभरीनंतर वाढलेला दम

‘वडील सत्तरीत धावू लागलेत, प्रोटीन पावडर कोणती द्यावी?’ असं एका वाचकानं विचारलंय. पावडरीच्या जाहिरातीत पिळदार आजोबा दिसतात. मला मात्र रोबेर मार्शां हे किरकोळ अंगाचे फ्रेंच आजोबा जास्त पटतात.

२०१२ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांनी तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल मारली. २०१४ मध्ये तेवढ्याच वेळात २६.९२! मधल्या काळात व्हेरोनिक बिला या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा सराव आखून दिला होता. वर्षाला ५,००० किलोमीटर. त्यातलं ८० टक्के अंतर रमतगमत, बाकीचं धाप लागेल असं. हे मोजायला गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची पट्टी घेतली. कष्ट किती पडताहेत ते ज्याचं त्यानं सांगायचं, आणि आकडे चक्क ६ ते २०! सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य चढवलं की तरुण माणसाच्या नाडीचा अंदाज येतो, म्हणून ही तऱ्हा. मार्शांची नाडी फार तर १३५च्या आसपास जायची, तेव्हा तिथं हा गुणाकार कोलमडणारच. पट्टी मात्र कामी आली: आरामात १२, जोरात १५.

ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता १३ टक्क्यांनी वाढली, पेडलवरची ताकद ९० वॉटवरून १२५ वर गेली. वजन आणि स्नायू मात्र जैसे थे! श्वास मोठा झाला, पाय भराभर फिरू लागले. अभ्यास एकाच माणसाचा आहे, त्यावर सिद्धांताचे इमले बांधू नयेत. पण शंभरीनंतर दम वाढतच नाही, असंही आता म्हणता येणार नाही.

राहिली पावडर. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर प्रयोग केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना वजनं उचलायला लावली, काहींना पूरक आहाराचं पेय दिलं, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांत वजनं उचलणाऱ्यांची ताकद दुपटीवर गेली. नुसत्या पेयानं काडीचा फरक पडला नाही. या बाईंचं नाव घराघरांत असायला हवं होतं. आपल्याला पाठ असतं ते डब्यावरचं.

वडील वजनं उचलत असतील तर आहाराचा हिशेब जरूर करा. उतारवयात एका वेळच्या खाण्यात शरीराच्या वजनाच्या किलोमागे सुमारे ०.४ ग्रॅम प्रथिनं लागतात, तरुणपणी ०.२४ पुरतात. साठ किलोच्या माणसाला झाली २४ ग्रॅम. नाश्त्याच्या पोह्यांत त्याच्या निम्मीही भरत नाहीत. सोबत दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतलं की आकडा जवळपास जुळतो. अंडी चालत नसतील तर पनीर. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.