तबकडींतला गळा

आवडत्या तबकड्या घेऊन रसिक मंडळी जमली, कीं एक वाद हटकून निघतो: अब्दुल करीमखांसाहेबांचा गळा १९०५ च्या सुमारास अधिक तेजस्वी, कीं १९३५ च्या? परंतु जुन्या मुद्रिका कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या. केवळ ध्वनिकंपनांच्या बळावर सुई मेणावर रेषा कोरी. तींत खर्जाचा भरणा उतरत नसे, तंबोरा तर बहुधा हरपेच! १९२५ नंतर विद्युत्-मुद्रण आलें, आणि मायक्रोफोन श्वासहि टिपूं लागला. शिवाय आरंभींच्या मुद्रिका नेमक्या ७८ फेऱ्यांवरच घेतलेल्या असत, असेंहि नाहीं. ७८ ची तबकडी ८० नें फिरविल्यास स्वर कोमल-शुद्धांतील अंतराच्या जवळजवळ निम्म्यानें चढतो. गळा पातळ, तरतरीत भासतो. मग आपण वाखाणतों तें खांसाहेबांचें तारुण्य, कीं यंत्राची घाई?