फिरत्या वजनाचा हिशेब

विजेच्या ग्रीडमध्ये या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. हा ताळा महिन्याअखेर नव्हे, क्षणोक्षणी जुळवावा लागतो आणि तो कितपत जुळला हे वारंवारतेवरून कळते. भारत, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे ती सेकंदाला 50 आवर्तने, म्हणजे 50 हर्ट्झ असते. मागणी चढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की वर जाते. भारतीय ग्रीडने ती 49.90 ते 50.05 हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखावी, असा दंडक आहे.

मोठ्या औष्णिक केंद्रातले टर्बाइन आणि त्याला जोडलेले जनित्र मिनिटाला 3,000 फेरे घेतात. त्याला साठाने भागले की 50 येतात. एका ग्रीडवरची अशी सर्व यंत्रे, ती एकमेकांपासून हजार किलोमीटरवर असली तरी, एकाच तालात फिरतात. त्यातले एखादे अचानक बंद पडले की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, त्यांचा वेग किंचित उतरतो आणि उतरताना त्यांच्यातली गतिज ऊर्जा वीज होऊन तारांत जाते. कुंभाराने दांडा काढून घेतल्यावरही चाक फिरत राहते, ते याच गुणामुळे. शाळेच्या पुस्तकातले हे जडत्व. पूर्ण वेगाने फिरणाऱ्या मोठ्या संचात साधारण तीन ते पाच सेकंद त्या संचाची पूर्ण क्षमतेची वीज पुरवू शकेल एवढी ऊर्जा साठलेली असते. तीन-पाच सेकंद म्हणजे फार नव्हे, पण वाफेच्या झडपा उघडून उरलेल्या केंद्रांनी निर्मिती वाढवायला सुरुवात करावी, एवढी उसंत त्यातून मिळते.

शतकभर ही उसंत फुकट मिळाली. विजेचा दर ठरवताना इंधन, भांडवल, कर्मचारी, व्याज सगळे धरले गेले. फिरत्या पोलादाची किंमत कुणी लावली नाही, कारण ते वेगळे विकत घेण्याची वेळच आली नव्हती. सौर आणि पवन ऊर्जेवरचे बहुतेक वाद सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाभोवती फिरतात. तो तासांचा प्रश्न आहे. त्याची उत्तरे महाग असली तरी माहीत आहेत. खरी कसोटी सेकंदांची आहे.

सौर पॅनेलमध्ये फिरणारे काही नसते. त्याची एकदिश वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो. आधुनिक पवनचक्कीची पाती फिरतात खरी, पण तीही बहुतांशी इलेक्ट्रॉनिक परिवर्तकामार्फत ग्रीडला जोडलेली असतात, त्यामुळे त्यांचे जडत्व ग्रीडपर्यंत आपोआप पोचत नाही. शिवाय रूढ इन्व्हर्टर ग्रीडवरचे व्होल्टेज पाहून त्याच्या मागोमाग चालतो. पाहायला स्थिर व्होल्टेजच नसेल, तर तो गोंधळतो किंवा स्वतःच्या बचावासाठी बाजूला होतो.

हे सगळे प्रत्यक्ष कसे घडते, याचा सर्वांत बारकाईने तपासला गेलेला दाखला दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. या राज्यातले शेवटचे कोळसा केंद्र पोर्ट ऑगस्टा येथे होते. ते मे 2016 मध्ये बंद झाले. त्याच वर्षी 28 सप्टेंबरच्या दुपारी वादळ आणि चक्रीवाताने पारेषणाचे मनोरे आडवे केले. त्या वेळी राज्याची मागणी सुमारे 1,826 मेगावॅट होती. त्यातले 883 वाऱ्यापासून, 330 वायू केंद्रांतून आणि उरलेले 613 शेजारच्या व्हिक्टोरियातून हेवूडच्या जोडवाहिनीवरून येत होते. तारा तुटत गेल्या तसे दोन मिनिटांच्या आत व्होल्टेज पुनःपुन्हा कोसळले आणि सावरले. अशा दर धक्क्याला पवनचक्क्यांनी टिकून राहायचे असते आणि पहिल्या काही धक्क्यांना त्या टिकल्याही. पण अनेक पवन प्रकल्पांच्या नियंत्रण प्रणालीत ठराविक काळात ठराविकच धक्के सोसायची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडली जाताच नऊ प्रकल्पांनी सात सेकंदांच्या आत 456 मेगावॅट कमी केले. ग्रीडचालकाला या मर्यादेची कल्पना नव्हती.

ती तूट भरायला हेवूडची वाहिनी धावली, अतिभारित झाली आणि सुटली. राज्य एकटे पडले. आता त्याच्याकडे जी थोडी जनित्रे फिरत होती, त्यांचे जडत्व एवढे तुटपुंजे होते की वारंवारता सेकंदाला सुमारे 6 हर्ट्झ वेगाने कोसळली. अशा प्रसंगी काही भाग आपोआप तोडून बाकीचे वाचवणारी यंत्रणा असते; तिला काम करायला अवधीच मिळाला नाही. साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

राजकारण्यांनी लगेच पवनचक्क्यांवर खापर फोडले. तपासातून निघालेले चित्र त्याहून बोधक आहे. वारा कमी पडला नव्हता. दोष नियंत्रण प्रणालीतल्या एका आकड्यात होता आणि तो बदलला की त्याच चक्क्या अधिक धक्के सोसू शकत होत्या. मात्र पवन ऊर्जेच्या कैवाऱ्यांनाही या तपासाने पूर्ण सुटका दिलेली नाही. राज्यात अधिक फिरते वजन असते, तर घसरण मंदावली असती आणि भार तोडून काही भाग तरी वाचवायला संधी मिळाली असती.

डिसेंबर 2017 मध्ये याच राज्यात हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॅट क्षमतेची टेस्ला कंपनीची बॅटरी सुरू झाली, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी. त्याच महिन्यात व्हिक्टोरियातल्या लॉय यांग केंद्राचा 560 मेगावॅटचा संच बंद पडला आणि सुमारे हजार किलोमीटरवरची ही बॅटरी सेकंदाच्या अंशात मदतीला आली. वृत्तपत्रांनी गौरव केला. तिने दिलेली वीज जेमतेम 7 मेगावॅट होती. ग्रीड काही तिच्यामुळे वाचली नाही. लक्षणीय होता तो तिचा वेग. पुढे ती वाढवून 150 मेगावॅटची झाली आणि 2022 पासून जडत्वाची नक्कल करण्याची कामगिरीही तिच्याकडे आली. अशा इन्व्हर्टरला ग्रीड-फॉर्मिंग म्हणतात: तो दुसऱ्याच्या व्होल्टेजमागे न चालता स्वतः व्होल्टेज आणि वारंवारता धरून ठेवतो.

दुसरा उपाय जुन्या वळणाचा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातच डॅव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाऊन येथे 2021 पर्यंत चार सिंक्रोनस कंडेन्सर बसले. हे इंधन न जाळता फिरणारे यंत्र. ग्रीडचीच थोडी वीज घेऊन ते फिरत राहते आणि त्याला जोडलेले अवजड चक्र जडत्व पुरवते. डॅव्हनपोर्ट पोर्ट ऑगस्टाजवळच आहे. कोळसा गेला त्या परिसरात वजन पुन्हा आले, फक्त आता त्याला वेगळे पैसे मोजावे लागले. या यंत्रांमुळे केवळ स्थैर्यासाठी चालू ठेवाव्या लागणाऱ्या वायू संचांची किमान संख्या चारवरून दोनवर आली. आयर्लंडमध्येही मनीपॉइंट या कोळसा केंद्राच्या आवारात असेच यंत्र बसवले गेले. त्या बेटावर कोणत्याही क्षणी ग्रीडमध्ये तिच्या तालात न फिरणाऱ्या स्रोतांचा वाटा किती असावा, यावर कमाल मर्यादा असते. ती 50 टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने 2022 मध्ये 75 टक्क्यांवर नेली गेली.

वारंवारता सांभाळली की काम संपले, असे मात्र नाही. 28 एप्रिल 2025 रोजी भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा जडत्वाच्या अभावाची चर्चा आधी झाली. तपासात मुख्य कारण वेगळे निघाले: व्होल्टेज वाढत गेले, ते आवरणारी साधने अपुरी पडली आणि वाढत्या दाबाने एकामागून एक केंद्रे सुटत गेली. पारंपरिक जनित्रे व्होल्टेज खालीवर करण्याचे कामही करतात. त्यांतल्या काहींनी त्या दिवशी अपेक्षेएवढे केले नाही. सौर प्रकल्पांना तसे करण्याची मुभाच तिथल्या नियमांत नव्हती, यंत्रांत क्षमता असूनही. दक्षिण ऑस्ट्रेलियात एक आकडा चुकला होता, इथे एक नियम जुनाट राहिला होता.

भारताची स्थिती वेगळी आहे, कारण ग्रीड अवाढव्य आहे. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रीड कोसळली, तेव्हा दक्षिण ग्रीड बाकीच्यांशी एका तालात जोडलेली नव्हती. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता झाली. मोठ्या ग्रीडमध्ये एका केंद्राच्या जाण्याचा धक्का असंख्य यंत्रांत वाटला जातो. तिची परीक्षा 5 एप्रिल 2020 रोजी झाली. रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनाला अंदाजाच्या दुपटीहून अधिक प्रतिसाद मिळाला आणि मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने उतरली. ती पेलली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी: त्यांनी सुमारे 17,500 मेगावॅट निर्मिती कमी केली आणि दिवे लागताच पुन्हा वाढवली. कोळशाच्या संचाला एवढी चपळाई जमत नाही.

2025 च्या मध्याला भारताच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला; प्रत्यक्ष विजेत मात्र कोळशाचाच वरचष्मा आहे. त्यामुळे जडत्वाची चणचण भारताला अद्याप दक्षिण ऑस्ट्रेलियाएवढी भासत नाही. इथली तातडीची अडचण दुपारची आहे. सौर वीज भरात असताना कोळसा संचांना खाली यावे लागते आणि संध्याकाळी झपाट्याने वर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार संचांनी टप्प्याटप्प्याने 40 टक्के भारापर्यंत उतरायला शिकायचे आहे. इतक्या खाली संच चालवला की दर युनिटमागे इंधन जास्त लागते आणि बॉयलरची झीज वाढते, म्हणून केंद्रचालक नाखूष असतात. दुपारची वीज संध्याकाळी नेणारा उदंचन प्रकल्प सह्याद्रीला नवा नाही. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 पासून खालचे पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी सोडतो. चढवताना लागलेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांश किंवा थोडी जास्त परत मिळते. शिवाय त्याची जनित्रे फिरतात, म्हणजे जडत्वही देतात. बॅटरीशी तुलना करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

शेवटचे काम मेलेली ग्रीड पुन्हा उठवण्याचे. बहुतेक मोठ्या केंद्रांना सुरू व्हायलाही बाहेरची वीज लागते. म्हणून स्वबळावर सुरू होणारी काही केंद्रे राखून ठेवतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2016 च्या त्या दिवशी कराराने राखलेल्या दोन्ही सोयी निकामी ठरल्या आणि व्हिक्टोरियातून वीज आणून राज्य जागे करावे लागले. हे काम पारंपरिक जनित्रांचेच, असे मानले जात होते. 2020 मध्ये स्कॉटलंडमधल्या डर्सलॉक पवन प्रकल्पाने ग्रीड-फॉर्मिंग नियंत्रणाच्या जोरावर ग्रीडचा एक बंद भाग शून्यातून चालू करून दाखवला. वारा वाहत असेल तरच ते जमते, ही अट उरतेच. म्हणून अशा कामासाठी बॅटऱ्या आणि जलविद्युत केंद्रे हाताशी ठेवण्याकडे ग्रीडचालकांचा कल आहे.