गणवेश, धुलाई आणि प्राप्तिकर

वसई-विरारच्या व्यापारी घरांतील मुलेमुली आता पेढीवर न बसता इस्पितळांत, हॉटेलांत, वालीवच्या कारखान्यांत नोकरीस जातात. गणवेशाची शिलाई आणि धोब्याचे बिल मात्र घरच्या खिशातून जाते. त्यावर परतावा मिळवून देतो, असे सांगणारा कोणी भेटतोच. हे काम स्वतः करता येते. नियम मात्र आधी नीट समजून घ्यावा.

आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 10(14) आणि नियम 2बीबी यांनुसार, वेतनात गणवेश भत्ता मिळत असेल तरच सूट आहे. तीही प्रत्यक्ष खर्चापुरती. वर्षाचा भत्ता 12,000 रुपये आणि शिलाई-धुलाई 9,000 रुपये असेल, तर 9,000 करमुक्त, उरलेले 3,000 करपात्र. 20 टक्क्यांच्या टप्प्यात बचत उपकरासह 1,872 रुपये. भत्ताच नसेल तर बिलांचा ढीगही निरुपयोगी.

शिवाय नव्या करप्रणालीत ही सूट नाही, आणि 2023-24 पासून तीच प्रणाली गृहीत धरली जाते. एवढ्याशा रकमेसाठी जुनी प्रणाली निवडणे बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. दोन्ही हिशेब मांडूनच विवरणपत्र भरावे. बिले त्याला जोडायची नसतात, जपून ठेवायची असतात.

दुकानमालकाने नोकरांना दिलेला गणवेश कलम 37 खाली धंद्याचा खर्च होतो. गल्ल्यावर बसताना घातलेला स्वतःचा सदरा मात्र घरखर्चच. शिंप्याला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्चही सामान्यतः वजावटीस धरला जात नाही.