रविवारी अकरा वाजता, मेंडेल्सोनच्या घरी

लाकडी जिना कुरकुरतो. माझ्यापुढे एक आजी कठडा धरून सावकाश चढताहेत आणि मागे आम्ही दहाबाराजण पायरीपायरीवर थांबतोय. घाई कुणालाच नाही. लाइपझिगच्या गोल्डश्मिट रस्त्यावरचं हे १२ नंबरचं घर. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन १८४५ मध्ये बायको-मुलांसह इथे पहिल्या मजल्यावर राहायला आला, आणि ४ नोव्हेंबर १८४७ ला याच घरात गेला. वय अवघं ३८.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या आहेत. चौघा वादकांच्या स्टँडपासून दोन हातांवर श्रोत्यांची पहिली रांग. इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर गेवांडहाउसचं सुमारे १९०० खुर्च्यांचं सभागृह आहे. तिथेही मी ऐकलंय, भारावूनही गेलेय. पण दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेलं संगीत मुळात अशा खोलीचंच.

आज एफ मायनरमधलं क्वार्टेट आहे, ओपस ८०. त्यासाठीच मी हा रविवार धरला.

फॅनी ही फेलिक्सची थोरली बहीण. दोघं एकत्रच शिकली, पण मुलीला संगीत शोभेपुरतं पुरे, असं वडिलांचं मत. तिची काही गाणी तर भावाच्या नावावर छापली गेली. बर्लिनच्या घरी मात्र ती रविवारच्या मैफली भरवायची, स्वतः पियानो वाजवायची, गायकांकडून तयारी करून घ्यायची. १४ मे १८४७ ला अशाच एका रविवारची तालीम घेताना तिचे हात लुळे पडले, आणि रात्रीपर्यंत ती गेली. फेलिक्स कोसळला. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन राहिला, डोंगर-तळ्यांची जलरंगातली चित्रं काढली, आणि हे क्वार्टेट लिहिलं.

वादक बसतात. एकमेकांकडे बघतात. पहिली व्हायोलिनवादक नाकाने जोरात श्वास घेते. तो श्वास मला ऐकू येतो, आणि त्याच क्षणी तारांवर थरकाप सुरू होतो. प्रस्तावना नाही की ओळख नाही. चेलोचा खर्ज जमिनीच्या फळ्यांतून थेट तळपायाला लागतो. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात राळेची भुकटी उडताना दिसते. दुसऱ्या भागात चेलोवादकाच्या गजाचा एक केस तुटतो, गजाबरोबर हेलकावत राहतो. तो तोडून टाकायलाही त्याला सवड मिळत नाही.

आपल्याकडे बैठकीत गवयाच्या इतक्या जवळ बसलं की एखाद्या जागेवर ‘क्या बात है’ आपसूक निघून जातं. इथे दोन भागांच्या मधे टाळीसुद्धा नाही. पण शेजारी बसलेल्या त्या जिन्यावरच्या आजी डोळे मिटून कार्यक्रमपत्रिकेची कड मुडपताहेत, पुन्हा सरळ करताहेत. ही दादच आहे, हे कळायला मला वेळ लागत नाही.

तिसरा भाग संथ. संपूर्ण रचनेत निवांत गाणं काय ते इथेच. तेराव्यानंतर घरातली माणसं गेलेल्या माणसाविषयी हळू आवाजात बोलायला लागतात, तसे चौघांचे स्वर एकमेकांत मिसळतात. व्हिओलाने वाक्य सोडलं की व्हायोलिन उचलते. मला वाटतं, आता निवेल हे दुःख. नाही निवत. शेवटच्या भागात पुन्हा तीच तडफड, आधीपेक्षा वेगात, आणि पहिलं व्हायोलिन शेवटपर्यंत श्वास घेऊ देत नाही.

मेंडेल्सोन म्हणजे गोड, नेटका, सुखवस्तू घरातला, असं अजून लिहिलं जातं. असं लिहिणाऱ्यांनी ओपस ८० ऐकलेलं नसतं.

टाळ्या थांबल्यावरही लोक लगेच उठत नाहीत. मग काहीजण त्याच्या अभ्यासिकेकडे वळतात. मीही जाते. ऑक्टोबर १८४७ मध्ये हे क्वार्टेट खासगीत वाजलं होतं. महिन्याभरात तो गेला. जाहीर मैफलीत ते आलं बरोबर वर्षाने, ४ नोव्हेंबर १८४८ ला, याच शहरात.

याच शहरातला त्याचा पुतळा १९३६ मध्ये नाझींनी पाडला, कारण तो जन्माने ज्यू. हे घरही पुढे मोडकळीला आलं होतं. कंडक्टर कुर्ट माझूर यांनी पुढाकार घेतला, आणि त्याच्या मृत्यूला १५० वर्षं झाली तेव्हा, १९९७ मध्ये, ते संग्रहालय म्हणून उघडलं. पुतळा २००८ मध्ये नव्याने उभा राहिला.

रविवारी सकाळी अकराला इथे मैफली होतात. लाइपझिगला जाणार असाल तर एक रविवार मोकळा ठेवा, आणि जमलं तर पुढच्या रांगेत बसा.