पाळी थांबली, आता हृदयाकडे बघा

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईने ‘छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही’ असं सांगितलं, की वस्तीत तिला दोनच उत्तरं मिळतात : ‘वयाचं आहे’ किंवा ‘गॅस झाला असेल’. आपण सगळेच असं बोलून जातो. पण ही उत्तरं जिवावर बेतू शकतात.

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी ४६-४७ वर्षांच्या आसपास थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं समजतात. त्याआधीची काही वर्षं अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो, चिडचिड होते, उगाच रडू येतं. शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत असतं. रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला तेच मदत करत होतं. ते घटलं की रक्तातली वाईट चरबी वाढते, बीपी चढू लागतं. तरुणपणी पुरुषांपेक्षा कमी असलेला हृदयविकाराचा धोका इथून वाढत जातो.

त्यात कर्जाचा हप्ता, पाण्याची रांग, घरातली भांडणं. सततच्या ताणाने बीपी वर राहतं. उदास बाई धड जेवत नाही, स्वतःची औषधं विसरते. नैराश्यानेही हृदयविकाराचा धोका वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती नाटकं नव्हेत आणि बाहेरचं काही लागलेलंही नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येतं.

अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतं, पण कधी दुखणं जबड्यात, पाठीत किंवा खांद्यात असतं. कधी नुसता दम लागतो, मळमळतं, गार घाम येतो, कधी नव्हे इतका थकवा येतो. अशा वेळी ओवा-सोडा देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

मग रोज काय करायचं? मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे, तिने बीपी आणि हृदयाचे ठोके वाढतात. लोणचं, पापड, वरून मीठ कमी करा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. घरकामात दमणं म्हणजे व्यायाम झाला असं धरू नका.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर मोफत तपासतात. दोन-तीनदा मोजूनही बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करू नका.

घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आमचं एकच सांगणं आहे. आई स्वतःहून दवाखान्यात जाणार नाही. या आठवड्यात एक दिवस काढा आणि तिला घेऊन जा.