फडताळ, ओटा आणि खानावळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी शहापूरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. घटक चाचणीच्या मार्कांचा तक्ता कॉम्प्युटरवर भरायचे काम माझ्याकडे आले. दोन तास मान मोडून ४२ मुलांचे मार्क भरले, शेवटचे नाव राहिले आणि लाईट गेली. परत आली तेव्हा तक्ता कोरा! शेजारचे सर हसून म्हणाले, "बाई, तुमचं आपलं खडू-फळाच बरं." घरी ह्यांना सांगितले तर म्हणाले, "अगं, सेव्ह नव्हतं का केलंस?"

खरे सांगू? सेव्ह म्हणजे एक बटण दाबायचे, एवढेच मला ठाऊक होते. ते का दाबायचे, हे कोणी सांगितलेच नव्हते. पुढे माहेरी मुरबाडला गेले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्याला खनपटीलाच बसले. तो सांगत गेला आणि मला सारखे आपले स्वयंपाकघरच दिसू लागले! तेच तुम्हाला सांगते.

फडताळातून ओट्यावर

सॉफ्टवेअर किंवा प्रोग्रॅम म्हणजे पाककृतींची वही. कॉम्प्युटरने काय करायचे, याच्या ओळीने लिहिलेल्या सूचना. ही वही फडताळात असते. लाईट गेली तरी फडताळातले जागेवर राहते. पण फडताळात कधी स्वयंपाक होतो का? त्यासाठी जिन्नस ओट्यावर घ्यावे लागतात. तसेच, आपण एखादा प्रोग्रॅम उघडतो तेव्हा त्याच्या सूचनांची नक्कल फडताळातून ओट्यावर येते. मग प्रोसेसर नावाचा आचारी एकेक सूचना वाचून काम करतो. भलता चपळ, पण स्वतःची अक्कल शून्य. लिहिले असेल तेच करणार!

मोबाईलच्या खोक्यावर ४ जीबी आणि ६४ जीबी असे दोन आकडे असतात ना? त्यातला लहान आकडा ओट्याचा, मोठा फडताळाचा. दुकानात "फोन भरलाय, नवा घ्या" असे सांगितले, तर आधी विचारा, काय भरलंय? फडताळ भरले असेल, तर जुने फोटो नि व्हिडिओ काढून जागा होते. एकाच वेळी खूप काही उघडून ओट्यावर गर्दी झाली असेल, तर फोन एकदा बंद करून सुरू करा. ओटा स्वच्छ होतो. दर वेळी हजारोंचा खर्च कशाला?

आणि या ओट्याची एक खोड आहे. वीज गेली की तो पुसल्यासारखा कोरा होतो. माझा तक्ता ओट्यावर होता, फडताळात ठेवलाच नव्हता. सेव्ह करणे म्हणजे फडताळात ठेवणे. काही प्रोग्रॅम हे आपणहून करतात, पण त्यावर विसंबू नये.

सकाळी आधी कोण उठते?

मग प्रश्न पडला, बटण दाबले तेव्हा ओटा रिकामा, मग पहिली सूचना येते कुठून? भाचा म्हणाला, "आत्या, घरात आधी कोण उठतं?" मी, दुसरे कोण! कॉम्प्युटरमध्येही कायमचा कोरून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो आधी जागा होतो, सारे ठीक आहे ना ते पाहतो आणि फडताळातून घरच्या कर्त्या बाईला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, उठवतो. मग ओट्यावर जागा कोणाला द्यायची, ते ती ठरवते.

ही रीत जुनीच आहे. स्वतःच्या स्मृतीत ठेवलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरने पहिल्यांदा चालवला तो १९४८ साली, इंग्लंडात मँचेस्टरला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' सुरू झाला. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोके पाडून!

घरचे, वाण्याकडचे, खानावळीतले

आता नेटवर्क. आपल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकांमुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नावाजली. टॅबलेटमध्ये भरून ठेवलेला धडा नेटवर्क नसलेल्या पाड्यावरही चालतो. हे झाले घरच्या फडताळातले.

दुसरा प्रकार वाण्याकडचा. इंटरनेटवरचे पान उघडले की सूचना दूरच्या कॉम्प्युटरवरून येतात, पण शिजतात आपल्याच ओट्यावर. रस्ता बंद, तर सामान नाही.

तिसरा प्रकार खानावळीचा. मुरबाड तालुक्यातले धसई आठवते ना? नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून ते गाजले. दुकानातल्या यंत्रात कार्ड घातले की यंत्र नुसता निरोप पाठवते. खात्यात पैसे आहेत का, हे पाहणे आणि ते वळते करणे, हा स्वयंपाक बँकेच्या कॉम्प्युटरवर होतो. आपल्याकडे येते ते ताट. नेटवर्क गेले की यंत्र धडधाकट असूनही मुके! ऑनलाइन सातबाऱ्याचेही तेच.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

• दर दहा मिनिटांनी सेव्ह करा.
• वर्गात किंवा प्रवासात लागणारे धडे, तिकिटे आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.
• काही चालेना, तर आधी पाहा, बिघाड घरात, रस्त्यात की खानावळीत?
• फॉर्म शेवटच्या दिवसावर टाकू नका. त्या दिवशी खानावळीत झुंबड असते.
• लाईट बिलाच्या किंवा बँकेच्या नावाने अनोळखी माणसाने पाठवलेली एपीके फाईल कधीही उघडू नका. परक्याची वही आपल्या आचाऱ्याच्या हाती दिलीत, तर तो मुकाट्याने आपलेच घर लुटून देईल.

मी तो तक्ता पुन्हा भरला, पाच नावे झाली की सेव्ह करत. परवा तेच सर आले. "बाई, व्हिडिओ वर्गात दिसतच नाहीये हो." मी विचारले, "सर, तो घरचा आहे की वाण्याकडचा?"